दोन अब्वोली आणि मरणवार्तांचं पान

फोर्ट पोर्टलमध्ये कुणी गेलं की घरातलं एक माणूस चर्चकडे जातं, एक शवपेटीवाल्याकडे, आणि एक बोमा भागातल्या चढावरच्या रेडिओ केंद्रात कुनिहिराच्या खिडकीशी येतं. चढून आल्यामुळे त्याला धाप लागलेली असते. कुनिहिरा त्याला आधी बाकावर बसू देते, मग विचारते, "एम्पाको काय तुमचं?" तो अमोती सांगतो, नाहीतर अद्येरी, नाहीतर अत्येनी. मग त्या नावाने हाक मारून ती दुःखाचे दोन शब्द बोलते आणि कामाला लागते. नुसत्या नावाने हाक मारणं तोरो लोकांत उद्धटपणाचं समजतात. जन्मानंतर ठेवलेलं नाव वेगळं आणि घरच्यांनी दिलेलं हे मायेचं, मानाचं एम्पाको वेगळं. आणि अशी एम्पाको सगळ्या मुलखात मिळून डझनभरच. त्यामुळे बाकावर दोन अकीकी शेजारी शेजारी बसलेले असणं रोजचंच.

केंद्रातसुद्धा दोन अब्वोली होत्या. एक कुनिहिरा. दुसरी कबासोमी नावाची तरुण बाई, ती संध्याकाळी गाणी लावायची आणि वाढदिवसांचे, लग्नाच्या वाढदिवसांचे निरोप वाचून दाखवायची. बातम्या वाचणारे रुसोके अपूली त्यांना मरणाची अब्वोली आणि गाण्यांची अब्वोली म्हणत. "मधे कुठली अब्वोली नाही," ते म्हणत, "म्हणून तर मी अजून लग्नाच्या भानगडीत पडलो नाही."

मरणवार्ता लिहिण्याची रीत ठरलेली. गेलेल्याचं नाव, गाव, दफन कुठे आणि केव्हा, आणि मग कळवायच्या माणसांची यादी. कासेसेच्या अमुक, होइमाच्या तमुक, कंपालात बस आगारापाशी शिवणकाम करणाऱ्या अमकीला. कुनिहिराचं अक्षर सुरेख होतं आणि कान त्याहून चांगला. रडत सांगितलेलं गावाचं नावही तिने कधी चुकीचं लिहिलं नाही. ही वार्ता रुसोके दिवसातून तीनदा वाचत. नंतर केंद्राची वेबसाइट झाली तेव्हापासून दुबईत आणि टोरांटोत राहणारी माणसंही ती वाचू लागली.

वेबसाइट केली ती काइजुकाने. काइजुका अराली म्हणजे कुनिहिराचा नवरा, केंद्राचा तंत्रज्ञ. खांबावर चढून तारा जोडणारा माणूस पन्नाशीला आल्यावर पुस्तकं आणून कोड लिहायला शिकला. कुनिहिरा आपल्या संगणकावर एक तक्ता भरायची, नाव, गाव, दफन. पुढे ते पानावर कसं दिसतं ते तो बघायचा. दोघांत कामाची वाटणी अशी होती आणि घरात त्याबद्दल फारसं बोलणं होत नसे. घरात बोलणं व्हायचं ते छपरातून गळणाऱ्या पाण्याबद्दल आणि मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाबद्दल.

कोरड्या दिवसांत काइजुका यकृताच्या दुखण्याने गेला. कुनिहिरा रजेवर गेली आणि रजा संपल्यावर परत खिडकीशी येऊन बसली. लोक म्हणाले, धीराची बाई. तिला धीर वगैरे काही वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. ती नाचणीचं कारो खायची, शेंगदाण्याच्या कालवणात बुडवून खायची, आणि ताट रिकामं झालं की कळायचं की जेवण झालं. बाकावरचं माणूस हुंदके द्यायला लागलं की ती पाण्याचा पेला पुढे करायची आणि पेला रिकामा होईपर्यंत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहायची. सासूने विचारलं, "रडलीस का गं?" ती म्हणाली, "रडेन, आई." जसं कुणी म्हणावं, रॉकेल आणेन.

केंद्राचे व्यवस्थापक मुगेन्यी अत्वोकी वयाने तिच्यापेक्षा बरेच लहान. ते एक दिवस तिच्या टेबलाशी आले. "अब्वोली, वेबसाइटकडे आता तुम्हीच बघा. अरालीचा पासवर्ड तुमच्याकडेच आहे. दुसऱ्या कुणाला सांगू?"

"मला त्यातलं कळत नाही, अत्वोकी."

"त्यालाही आधी कुठे कळत होतं?"

म्हणून ती तंत्र महाविद्यालयात शनिवारच्या वर्गाला जाऊ लागली. वर्गात तिच्या मुलीच्या वयाची मंडळी होती. शिकवणारी कोबुसिंगे अकीकी तिशीची, गोल चष्म्याची, आणि बोलायला फटकळ. पहिल्या काही शनिवारांत कुनिहिराला इतकंच उमगलं की पान हे एक नसतं. डोकं एका फाइलीत असतं, पाय दुसऱ्या फाइलीत, मधला मजकूर तिसरीत, आणि मुख्य पान एकेकाला पत्त्यावरून हाक मारून बोलावतं. सगळे आले की सर्व्हर त्यांना जोडून बाहेर पाठवतो.

मग तिने आवराआवर केली. काइजुकाचे शर्ट आवरले तशीच. शर्ट तिने एका दुपारी घड्या घालून एका पेटीत भरले होते. आता एका दुपारी त्याच्या फाइली उघडल्या. वेगवेगळी फोल्डरं, फोल्डरात फोल्डरं, आणि फाइलींना माणसांची एम्पाको. ज्याचं काम त्याचं नाव फाइलीला, अशी काइजुकाची पद्धत होती. बातम्यांची फाइल अपूली, जाहिरातींची अत्वोकी. तिला तो सगळा पसारा वाटला. तिने सगळ्या फाइली एका फोल्डरात आणल्या. संगणकाने मधे एकदा विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? तिने हो म्हटलं. शर्टांच्या वेळी सासूही असंच काहीबाही विचारत होती, हा ठेवायचा का, तो कुणाला द्यायचा का, आणि ती हो म्हणत होती. मग एकेक फाइल उघडून तिने वरती एक ओळ मोकळी सोडली. शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं, कागदाच्या अगदी वरच्या कडेपासून लिहायला सुरुवात करू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मरणवार्तांचं पान पांढरं झालेलं होतं. नुसतं पांढरं. डोकं नाही, पाय नाही.

दुपारपर्यंत फोन सुरू झाले. संध्याकाळी मुगेन्यींनी तिला आत बोलावलं. त्यांनी दार लावून घेतलं, त्यावरूनच काय ते समजायचं.

"कंपालातली एक कंपनी नवी वेबसाइट करून द्यायला तयार आहे," ते म्हणाले. "सोमवारी मी त्यांना हो म्हणणार. पण त्यांचं म्हणणं, जुनं काही उचलणार नाही. नवं घर, नवं सामान. मरणवार्ताही लोकांनी थेट त्यांच्या नंबरवर फोन करून सांगायच्या."

"मग खिडकी?"

"खिडकी मग कशाला लागेल, अब्वोली?" मुगेन्यी वाईट माणूस नव्हते. हे बोलताना ते टेबलावरची पेनं सरळ करत होते. "सोमवारपर्यंत पान सुरू झालं तर गोष्ट वेगळी. मी स्वतः त्यांना नाही म्हणेन."

म्हणजे पान उठलं नाही तर तिची खिडकी जाणार होती, आणि काइजुकाने उभं केलेलं सगळं आणि त्यात साठलेले मुलखातले इतके मेलेले, सगळे पुसले जाणार होते. कुनिहिराने ते ऐकलं. दुसऱ्याच्या गाईचा भाव ऐकावा तसं ऐकलं. "बरं," म्हणाली आणि बाहेर आली. आपल्याला वाईट वाटलं का, हे तिने स्वतःला विचारून पाहिलं. पण शनिवार होता तो उद्याच, आणि वर्गाला जायचं होतंच.

वर्ग सुटल्यावर ती कोबुसिंगेच्या टेबलाशी थांबली.

"काय म्हणतंय ते पान?" कोबुसिंगेने विचारलं.

"काही म्हणत नाही. पांढरं आहे."

"पांढरं म्हणजे गप्प बसलंय. आत काहीतरी चुकलंय, पण चारचौघांत बोलायचं नाही असं त्याला कुणीतरी बजावलेलं असणार. अरालींनीच. शहाणपणाचं केलं, लोकांना घरातली भांडणं कशाला दाखवायची? पण आता घरात आपण दोघीच आहोत. त्याला बोलायला सांगा."

कुठे सांगायचं ते तिने दाखवलं. कुनिहिराने ती एक ओळ बदलली आणि पान पुन्हा मागवलं. पानावर लाल अक्षरांची झुंबड उडाली. कुनिहिरा मागे सरली.

"बापरे, केवढं रागावलंय."

"ते रागावलेलं नाही, अब्वोली, ते तक्रार लिहून देतंय. तुमच्या खिडकीशी येतात तशी. तुम्ही काय करता तेव्हा?"

"एकेक विचारते. आधी नाव."

"मग इथेही तसंच. खालचं काही वाचू नका. पहिली तक्रार तेवढी वाचा. कुठली फाइल, कितवी ओळ, काय हवंय."

कुनिहिराने वाचलं. चौथ्या ओळीवर मुख्य पान डोक्याची फाइल मागत होतं, आणि त्या पत्त्यावर ती नव्हती.

"आहे की," कुनिहिरा म्हणाली. "ही बघा, इथेच आहे."

"फाइल आहे. पत्ता जुना आहे. तुम्ही तिला या घरातून त्या घरात नेलंत आणि कुणाला सांगितलं नाही. पान बिचारं जुन्या दारावर जाऊन थापा मारतंय."

कुनिहिराला हे लगेच समजलं. कासेसेच्या माणसाला निरोप धाडावा आणि तो केव्हाच होइमाला राहायला गेलेला असावा, असं कित्येकदा होई. तिने पत्ता बदलला, पान मागवलं, पुढची तक्रार वाचली, तीही पत्त्याचीच. तोही बदलला. असं करत करत पत्ते संपले. मग वेगळीच तक्रार आली, की निरोप निघण्याआधीच काहीतरी बाहेर पडलेलं आहे. तिला काही बोध होईना. कोबुसिंगेने फाइलीच्या वरच्या टोकाला बोट ठेवलं.

"ही मोकळी ओळ कुणी सोडली?"

"मी. नीटनेटकं दिसावं म्हणून."

"तुम्हाला मोकळी दिसते. सर्व्हरला तो मजकूर वाटतो. तो म्हणतो, पाकिटावर पत्ता लिहिण्याआधीच तुम्ही पत्र रस्त्यावर टाकलंत. काढा सगळ्या. इथे अगदी कडेपासून सुरुवात करायची."

"सिस्टर रागावल्या असत्या."

"सिस्टरांनी कोड लिहिला असता तर त्यांच्या पानावरही रोज प्रकाशच प्रकाश दिसला असता," कोबुसिंगे म्हणाली.

कुनिहिराच्या ओठाचा कोपरा जरा हलला. सगळ्या ओळी काढून तिने पान मागवलं, आणि पान आलं. वरती केंद्राचं नाव, त्याखाली काळ्या अक्षरात 'आम्हाला सोडून गेलेले', खाली पत्ता आणि फोन. कोबुसिंगेने टाळी वाजवली. कुनिहिरा मात्र मधला मजकूर वाचत होती.

"अकीकी," ती म्हणाली, "हे बघा."

'आम्हाला सोडून गेलेले' याच्याखाली पहिलं नाव होतं बुकुकूच्या एका मुलीचं, वाढदिवसाच्या शुभेच्छा, आईकडून आणि सगळ्या मावश्यांकडून. त्याखाली एका जोडप्याच्या लग्नाचा वाढदिवस.

रुसोके अपूलींना हे त्याच संध्याकाळी कळलं, कारण कुनिहिरा केंद्रावर परत गेली तेव्हा ते तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांनी चष्मा सरकवून पान वाचलं.

"लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणतायत? मग बरोबरच जागी आहे तो माणूस."

"अपूली, चेष्टा नको. असं का झालं ते सांगा."

"मला काय कळतंय? हे तर सगळं गाण्यांच्या अब्वोलीचं आहे. तुझ्या घरात ती येऊन बसली की."

कुनिहिराने फाइलींच्या नावांवरून बोट फिरवलं. अब्वोली एकच होती. तिने ती उघडली. कबासोमीच्या निरोपांची. काइजुकाने एका फोल्डरात एक अब्वोली ठेवली होती आणि दुसऱ्यात दुसरी, आणि वेगवेगळ्या घरांत त्या सुखाने राहत होत्या. कुनिहिराने दोघींना एका घरात आणलं. एकीच्या जागी दुसरीला ठेवू का, असं विचारलं गेलं आणि तिने हो म्हटलं होतं. गेली ती तिचीच होती.

प्रत कुठे असेल तर काइजुकाच्या लॅपटॉपवर. लॅपटॉप रिवाजाप्रमाणे बाकीच्या वस्तूंबरोबर त्याच्या भावाकडे गेला होता. तिने फोन केला.

"तो तर कोरा करून घेतला, वहिनी," दीर म्हणाला. "पोरीला शाळेसाठी दिला. का? काही हवं होतं का त्यातलं?"

"नाही," ती म्हणाली. "असंच."

रविवारी प्रार्थनेनंतर कोबुसिंगे चर्चच्याच कपड्यांत केंद्रावर आली. येताना केळीच्या पानात बांधलेले मातोके, वाफवून कुस्करलेली कच्ची केळी, घेऊन आली होती. तिने आधी नीट तपासलं. मरणवार्ता सगळ्या साठ्यात शाबूत होत्या. त्यांना बाहेर आणून पानावर मांडणारी फाइल तेवढी गेली होती.

"गाण्यांच्या अब्वोलीची फाइल समोर ठेवू आणि तिच्यावरून नवी लिहू," ती म्हणाली. "सांगा, जुनं पान कसं दिसायचं? आधी काय, मग काय?"

कुनिहिराने संगणकावर आपला रिकामा तक्ता उघडला.

"अब्वोली?"

"मी बघितलं नाही."

"नीट आठवा. सावकाश."

"आठवायचं काय, मी कधी बघितलंच नाही. मी इकडे तक्ता भरायचे. पान तो बघायचा."

कोबुसिंगेने मातोके सोडायला घेतले. दोघींनी थोडं थोडं खाल्लं. बाहेर कुणीतरी बोडाबोडाला, भाड्याच्या मोटरसायकलला, लाथ मारून मारून ती सुरू करायचा प्रयत्न करत होतं. कुनिहिराला वाटलं, आता काहीतरी वाटेल. इतक्या वर्षांत आपण एकदाही उठून त्याच्या टेबलाकडे गेलो नाही, हे वाटायला हवं. ती थांबली. बोडाबोडा सुरू झाली आणि उतारावरून निघून गेली.

"मग आता तुम्हाला कसं हवं?" कोबुसिंगेने विचारलं.

"रेडिओवर वाचतात तसं. नाव, गाव, दफन. मग कळवायची माणसं. ती एकाखाली एक, खेटून नाही. ज्याला कळवायचं त्याला आपलं नाव चटकन दिसायला हवं."

"आणि नवे वर की जुने वर?"

"नवे. जुन्यांना घाई नाही."

ओळी कुनिहिरानेच लिहिल्या. कोबुसिंगे शेजारी बसून फक्त म्हणायची, "अर्धविराम," आणि थोड्या वेळाने पुन्हा, "अर्धविराम, अब्वोली, तो काही चहातली साखर नाही, आवडीप्रमाणे घालायला." दोनदा पान पांढरं झालं, दोनदा कुनिहिराने पहिली तक्रार वाचून ते उठवलं. या खेपेस फाइलीला तिने कुणाचं नाव दिलं नाही. 'मरणवार्ता' असं सरळ दिलं. दिवस कलता कलता 'आम्हाला सोडून गेलेले' याच्याखाली सोडून गेलेलेच आले, आणि त्यांच्याखाली त्यांची माणसं, मोकळी मोकळी, एकाखाली एक.

सोमवारी सकाळी मुगेन्यी आपल्या फोनवर पान बघत उभे राहिले. त्यांनी बरंच खालपर्यंत पाहिलं. मग पुन्हा वर आले.

"आधीसारखं नाही हे," ते म्हणाले. "आधी प्रत्येक नावाच्या वर एक जाड काळी रेघ असायची. दोन्ही टोकांना फुली."

कुनिहिराला हे आत्ता कळत होतं. "घालू का?"

"नको. हे वाचायला सोपं आहे." त्यांनी फोन खिशात ठेवला. "कंपालावाल्यांना मी कळवतो. पण अब्वोली, ही एम्पाकोची भानगड संपवा. उद्या तुम्ही आजारी पडलात आणि दुसऱ्या कुणाला बघावं लागलं, तर अपूली म्हणजे बातम्या हे त्याला कुणी सांगायचं? शिवाय पुढच्या महिन्यात जाहिरातींना नवी बाई येतेय. तीही अब्वोलीच आहे."

"तिसरी," बाहेरून रुसोके म्हणाले. "आता मला लग्न करावंच लागणार."

मुगेन्यी गेले. खिडकी राहिली होती. कुनिहिराने मान हलवली, खुर्ची पुढे ओढली आणि नावं बदलायला घेतली. अपूलीचं 'बातम्या' केलं, अत्वोकीचं 'जाहिराती', राहिलेल्या अब्वोलीचं 'शुभेच्छा'. प्रत्येक वेळी, ज्या ज्या फाइली त्या नावाने हाक मारत होत्या त्यांच्यातही बदल केला, आणि पान मागवून पाहिलं. एकेक करून, कोबुसिंगेने सांगितलं होतं तसं.

शेवटी एक फाइल उरली, अराली. तिने उघडून पाहिली. अगदी लहान होती. साठ्याचं दार उघडून देण्याचं काम करणाऱ्या चार ओळी. बाकी प्रत्येक फाइल सुरुवातीलाच तिला हाक मारत होती.

रुसोके चहाचा पेला घेऊन मागे आले होते. त्यांनी नाव वाचलं आणि पेला टेबलावर ठेवला.

"ही राहू दे की," मग म्हणाले. "गोंधळ व्हायचा प्रश्नच नाही. इथे अराली एकच होता."

"उद्या दुसरा येईल," कुनिहिरा म्हणाली.

तिने नाव बदलून 'जोडणी' केलं. मग फाइली उघडत गेली आणि जिथे जिथे अराली होतं तिथे तिथे जोडणी लिहीत गेली. पान मागवलं. लाल तक्रार आली. पायाची फाइल अजून अरालीलाच बोलावत होती, दुसऱ्या ओळीत. ती तिने दुरुस्त केली आणि पुन्हा पान मागवलं.

या वेळी सगळे आले. ती सावकाश वरपासून खालपर्यंत वाचत गेली, गावांची नावं बरोबर आहेत का ते बघत.